समास सोडून

पुस्तक पुरातून आलं होतं.
शाहूपुरीत पाणी चढलं तेव्हा
शमुवेल चोपडेंच्या कपाटात, खालच्या फळीवर,
ते चार दिवस भिजत पडलं.
सुकल्यावर दुप्पट फुगलं,
आणि सुतळीत बांधून
दोघं ते माझ्या दुकानात घेऊन आले,
बिंदू चौकाच्या अलीकडं,
जिथं गल्ली खळीच्या वासानं ओळखू येते.

दोघं म्हणजे चोपडे, मिशन दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर,
आणि देवाप्पा मगदूम,
ज्यांच्या नावातला देव काही केल्या निघेना
म्हणून जे सही नुसती 'मगदूम' करतात.

पुस्तक देव आहे हे सिद्ध करणारं.
तीनशे बारा पानं. आक्षेप आणि उत्तरं, क्रमांक घालून.
"झुबेदा, हे बांधायचं तरी कशाला?" मगदूम म्हणाले.
"ज्याला पटलंय तो विकत घेतो,
ज्याला पटलं नाही त्याला भेट देतो,
आणि तो काय वाचत नाही.
धडधाकट माणसालाच औषध पाजायचा धंदा हा."
"तुम्ही वाचलंत की."
"मी खोडायला वाचलं."
"वाचलंत की."
मग दोघं माझ्याकडं वळले. तूच सांग, याची किंमत काय?
म्हटलं, रद्दीत आठ रुपये किलो.
ओलं असलं तर घेत नाहीत.

तीस वर्षं चाललंय हे.
कुस्ती कधी निकाली झाली नाही.
दोघांपैकी कुणाची पाठ मातीला लागली नाही,
पाठ सुटली ती पुस्तकाची.

रात्री मी टाके उसवले.
बोट कुठं थांबलं, चहा कुठं सांडला,
कुठला कोपरा पुन्हा पुन्हा मुडपला,
बाइंडरला सगळं दिसतं.
समासात पेन्सिलीनं मगदूमांचं तिरकं अक्षर:
पाचशे साक्षीदार म्हणे, आणि एकाचंही नाव नाही.
खाली निळ्या शाईत चोपडे:
तुमच्या खापरपणजोबांचं नाव सांगा.
पुढं एका पानावर: हे गोल गोल फिरणं झालं.
ग्रंथ खरा कारण देव, देव खरा कारण ग्रंथ.
खाली: मान्य. हे पान लिहायला नको होतं.
पाण्यानं शाई फुटलेली.
पेन्सिल तशीच्या तशी.

दुःखावरचं प्रकरण, पान दोनशे चार.
सुलोचना गेली. हे उत्तर तिला
दवाखान्यात वाचून दाखवलं असतंस, शमुवेल?

त्याच्याखाली काही नाही.
नुसता एक निळा ठिपका,
पेन टेकवून उचललेलं.

आता कटिंग.
फुगलेलं पुस्तक तिन्ही बाजूंनी कापून सरळ करायचं, हा नेम.
पाव इंच गेलं की कडा आरशासारखी होते.
त्या पाव इंचात दोघंही गेले असते.
शाळेत द्वंद्व समास शिकवला होता,
दोन्ही पदं सारखीच महत्त्वाची, मध्ये 'आणि' धरायचा.
बाकीचं व्याकरण विसरले मी.

पातं वरच राहू दिलं.
खळीत मोरचूद घातला, कसर लागू नये म्हणून.
सोळा सोळा पानांच्या जुड्या
मेणाच्या दोऱ्यानं शिवल्या,
ठिपक्याचं पान जरा सैल.

शनिवारी चोपडेंनी कडेवरून बोट फिरवलं.
"कापलं नाहीस?"
"कापण्यासारखं नव्हतं."
मगदूम म्हणाले, असल्या पुस्तकाला मी दमडी देणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे,
आणि साठ रुपये ठेवले.
"हे पुठ्ठ्याचे. पुठ्ठ्याला मत नसतं."
दोऱ्याचे चोपडेंनी दिले.

वळणापर्यंत गेले नसतील, आवाज चढला.
पाचशे... खापरपणजोबा...
एक सायकलवाला घंटी वाजवत दोघांमधून निघून गेला.

असरची बांग झाली.
मी हात धुवायला घेतले.
नखांतली खळ लवकर निघत नाही.